बुटातून जाणारा रस्ता

हेम्मोमावशी गेल्याचा फोन आला तेव्हा सासूबाईंचे दोन्ही हात पनिरात होते. शहाजिरं घातलेलं गरम पनीर फडक्यात घट्ट पिळायचं असतं. मध्येच सोडलं तर भुसभुशीत होतं. मी फोन त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून मीको, मावशीचा मुलगा, बोलत होता. सासूबाईंनी ऐकलं, "बरं" म्हणाल्या, आणि पनीर पिळून पुरं केलं. गाठ मारली, वर दगड ठेवला. मग हात पुसून स्टुलावर बसल्या आणि खिडकीबाहेर बघत म्हणाल्या,

"लीदा, तिला मी रडायला हवं."

आम्हा सीमेवरच्या सेतो लोकांत मयतासाठी रडणं म्हणजे नुसती डोळ्यांची गोष्ट नव्हे. डोळे तर कांद्यालाही रडतात. आमचं रडणं गळ्यानं असतं, ओळीला ओळ जोडून. सख्ख्या नात्यातली बाई मयताच्या पेटीवर वाकते, एक ओळ म्हणते, आणि बाकीच्या बाया त्या ओळीचं शेपूट धरून ती पुन्हा उचलतात. तोवर पेटीचं झाकण उघडं असतं. शेवटी रडणारी मयताची माफी मागते. बाया मयताच्या बाजूनं म्हणतात, "देवानं दिली, मीही दिली." तेव्हाच झाकण लागतं.

सासूबाई, म्हणजे ओक्से, आमच्या भागातल्या शेवटच्या रडणाऱ्या. आजूबाजूची निम्मी दफनभूमी त्यांच्या गळ्यातून गेली आहे. पण हेम्मोचं, सख्ख्या बहिणीचं, रडणं त्यांच्यावर वेगळंच बाकी होतं.

त्यांची आई वारली तेव्हा सीमेची रेघ नुकतीच तारेची झाली होती. त्याआधी ती कुणाच्या ध्यानातही नव्हती. एक चर्च, एक जत्रा, अलीकडच्या मुली पलीकडे नांदायच्या, पलीकडच्या अलीकडे. मग एका वर्षात आम्ही एस्टोनिया झालो आणि ते रशिया झाले. सासूबाई नाक्यावरच्या रांगेत अडकल्या. पलीकडे राहणाऱ्या हेम्मोनं उन्हाळ्यात आईला किती ठेवायचं म्हणून मूठमाती देऊन टाकली. सासूबाई पोचल्या तेव्हा माती ओली होती आणि बायका घरी गेल्या होत्या. त्या ताज्या मातीवर उभ्या राहून त्या धाकट्या बहिणीला म्हणाल्या, "माझ्या आईला मुकी घालवलीस. तुलाही कुणी रडणार नाही."

पुढे बोलणं सुरू झालं. पनीर जायचं, तिकडून वाळवलेली अळंबी यायची. पण तो शब्द कुणी उचलला नाही. मातीवर टाकलेला शब्द मातीवरच उचलायचा असतो, असं सासूबाई म्हणत. आणि सणासुदीला रिवाजाप्रमाणे आईच्या कबरीवर जेवायला बसल्यावर, हेम्मो समोर अंडी सोलत असताना, त्यांना दरवेळी वाटायचं, आज नको, आज ती हसते आहे.

ती हसणारी हेम्मो आता पलीकडे, तेरेबोव्याला पेटीत होती. आमच्या अंगणातून त्यांच्या चर्चचा कळस दिसतो.

संध्याकाळी शेजारचे होदोरकाका आले. त्यांना सीमेचे सगळे नियम पाठ. बायको वारल्यापासून त्यांनी दुसरं काही वाचलेलं नाही. टेबलावर टोपी ठेवून ते म्हणाले, "ओक्से, पूर्वी पलीकडे कबरी असणाऱ्यांची यादी होती. नाव असलं की सणाला जाता यायचं. ती बंद. आता फोनवरून अर्ज करायचा. उत्तराला कमीत कमी चार दिवस, कधी महिनाही."

"उद्या माती आहे," मी म्हणाले.

"मग मयताला थांबायला सांगा." ते हसले नाहीत. "आणि अर्जात विचारतात, प्रवासाचं कारण काय. पर्यटन, व्यापार, खेळ, परिषद. मयतीचा रकाना नाही. पर्यटनावर खूण करावी लागते."

"मी बहिणीच्या पेटीवर पर्यटन करायला जाऊ होय रे?" सासूबाई म्हणाल्या.

"मी नाही बनवलेत नियम. मी फक्त वाचतो. फोनवरून रड, मीको पेटीजवळ धरेल."

"तुला मी फोनवरून रडीन. तू तेवढ्याच लायकीचा."

काका गेले, पण जाताना सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवून गेले.

सासूबाई रात्रभर जागल्या असाव्यात. सकाळी मी गाईचं आटपून आले तर त्या कोट घालून बसल्या होत्या. "बुटातून तेरेबोव्याचा विसावा दिसतो," त्या म्हणाल्या. "दिसतो ना?"

मला कळलं त्या काय म्हणताहेत.

बूट म्हणजे पलीकडच्या मुलखाचा एक तुकडा. नकाशावर बुटाच्या आकाराचा, आणि त्याचं टोक आमच्या रस्त्यावर आलेलं. आमच्या गावाहून आमच्याच बाजूच्या चर्चकडे जाणारी वाट त्या टोकातून जाते, हजारभर पावलं. तेवढ्यापुरते आम्ही परदेशात असतो. परवाना लागत नाही, शिक्का लागत नाही. अट एकच: गाडीतून जायचं आणि थांबायचं नाही. पायी चालायचं नाही. दोन्ही टोकांना पाट्या आहेत. चाक पंक्चर झालं तरी लोक तसेच खडखडत बाहेर येतात. एका पाहुण्यानं लघवीला गाडी थांबवली तर त्याला पलीकडे नेलं होतं. तो परत आला, पण त्याला पुन्हा कधी पलीकडे जाता आलं नाही. बुटातली अळंबी थाळीएवढी वाढतात, कारण खुडायला कुणी उतरत नाही.

त्या वाटेवर एके ठिकाणी पाइनची रांग तुटते आणि राय धान्याचं कापलेलं शेत दिसतं. शेताच्या पलीकडे एक सपाट दगड आहे. तेरेबोव्याची मयतं तिथं विसाव्याला टेकवतात. गावाची हद्द तिथं संपते आणि दफनभूमीची वाट सुरू होते.

"थांबायचं नाही ना? नाही थांबायचं," सासूबाई म्हणाल्या. "हळू जायचं. हळू जायला कुठं बंदी आहे?"

गाडी मलाच चालवायची होती. माझा नवरा फिनलंडला बांधकामावर असतो. आणि माझी गोष्ट अशी, की मी तेरेबोव्याची. माझी आई, मात्रोना, हेम्मोमावशीच्या घरापासून दोन कुंपणं सोडून राहते. लग्नानंतर मी इकडचा पासपोर्ट घेतला, तिकडचा सोडला. तेव्हापासून आईकडे जायला मला परवाना लागतो. दर शरद ऋतूत मी बटाटे काढायला जाते. आईचं कंबरेचं हाड मोडलं होतं, ते नीट बसलं नाही. ती वाकू शकत नाही. यंदाचाही अर्ज मी भरला होता. उत्तर यायचं होतं.

सासूबाईंना हे माहीत होतं. त्यांनी मला "चल" म्हटलं नाही. नुसत्या कोट घालून बसून राहिल्या. मी किल्ली घेतली.

"माझ्या मागोमाग ओळीचं शेपूट धरशील?" त्यांनी गाडीत बसल्यावर विचारलं. "एकटीनं रडता येत नाही. ओळ जमिनीवर पडते."

"मला येत नाही, सासूबाई. आमच्या घरात कुणाला गळा नव्हता."

"गळा नको. शेपूट धर. गाईचं धरतेस तसं."

सासूबाईंनी पहाटेच मीकोला फोन करून वेळ ठरवली होती. त्यानं गावाला सांगितलं, पेटी विसाव्यावर उघडी ठेवायची. पाद्री कुरकुरला, पण पाद्री दुसऱ्या गावचा आणि मीको उंच आहे.

पहिल्यांदा बुटात शिरलो तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. सासूबाई मागच्या सीटवर उजवीकडे, काच खाली, दोन्ही हात खिडकीच्या कडेवर. पेटीच्या कडेवर ठेवतात तसे. मी पहिल्या गियरवर ठेवली. पाइनची झाडं इतक्या सावकाश मागं गेली की प्रत्येकाची साल दिसत होती. मग झाडांची रांग तुटली.

शेताच्या पलीकडे माणसं होती. लहान, पांढरी, काळी. दगडावर पेटी होती, झाकण काढलेलं.

सासूबाईंचा आवाज मी घरात रोज ऐकते, कोंबड्यांवर ओरडताना, माझ्यावर ओरडताना. हा तो नव्हता. हा कुठून तरी खालून आला, विहिरीतून बादली यावी तसा.

"ऊठ गं हेम्मो, आईच्या अंगणीची चिमणी,
ऊठ गं बहिणी, बापाच्या शेतीची चंडोली.
आले मी दाराशी, दाराला तुझ्या चाकं,
आले मी उंबऱ्याशी, उंबरा पळतो मागं."

मी शेपूट धरलं. "मागं," मी म्हटलं, "पळतो मागं." आवाज फाटला. माझा एक डोळा रस्त्यावर, एक वेगाच्या काट्यावर. गाडी आचके खात होती. तेवढ्यात झाडं परत आली. मोकळी जागा संपली, ओळ अर्धीच राहिली, आणि सासूबाई तोंड उघडं ठेवून बसल्या. बुटाच्या पलीकडच्या पाटीपाशी आम्ही बाहेर पडलो आणि मी गाडी वळवली.

परतताना शेत डावीकडे आलं. सासूबाई सीटवरून सरकत दुसऱ्या खिडकीशी गेल्या. सत्तरी उलटलेली बाई, गुडघा सीटच्या पाठीला आपटला, तरी कण्हल्या नाहीत. त्यांनी अर्धी ओळ होती तिथूनच उचलली.

"कुणी गं ओढली रेघ, कुणी गं ताणली तार,
रेघेच्या या अंगाला माझा गं जीव भार.
रस्त्यानं चालले मी, थांबाया जागा नाही,
बहिणीच्या पायथ्याशी बसाया आज्ञा नाही."

आणि मी तोंड उघडायच्या आत शेतातून शेपूट उचललं गेलं. "आज्ञा नाही," तिकडून आलं, "बसाया आज्ञा नाही." बायकांचा घोळका. उशिरा, वाऱ्यावर वाकडं होऊन, पण आलं. त्यांनी ओळ जमिनीवर पडू दिली नाही. त्या घोळक्यात एक आवाज इतरांच्या मागून यायचा, सुराच्या बाहेर. संध्याकाळी गाईला हाक मारायचा तो आवाज. आईला गळा नव्हता, पण ती रडत होती, शेतातून, हिरवं जाकीट घातलेली, काठीवर रेललेली, आणि आमच्या गाडीकडे बघून. मी हात हलवला नाही. दोन्ही हात चाकावर होते.

"माझी आई," मी म्हटलं.

"दिसली," सासूबाई म्हणाल्या. "जाडी झाली."

माफी मागायची राहिली होती. ती एकाच जाण्यात पुरी व्हायला हवी होती, कारण माफी अर्धी मागत नाहीत. सासूबाईंनी डोकं टेकून दम घेतला. मी मोकळ्या जागेच्या शेवटाला आले, आणि तिथं झाडाखाली एक पोरगा उभा होता, पलीकडच्या गणवेशातला. त्यानं हात केला नाही, शिट्टी वाजवली नाही. फोन वर धरून आमच्या गाडीच्या नंबरपाटीचा फोटो घेतला. मग आतल्या माणसांचा. मी त्याच्या अगदी जवळून गेले, त्याच्या गालावरची पुळी दिसली.

आमच्या बाजूच्या पाटीपाशी तानेल उभा होता, आमचा सीमा रक्षक. सासूबाईंनी त्याच्या आजीला रडलेलं आहे. त्यानं टोपी काढली.

"मावशी, त्यांचा फोन आला होता."

"आम्ही थांबलो नाही," मी म्हटलं.

"नाही थांबलात. मी सांगितलं त्यांना तसं. ते म्हणाले, रस्ता जाण्यासाठी आहे. हे जाणं नव्हे, हे फिरणं आहे." तो बोलताना पाटीकडे बघत होता. "आता गेलात तर ते पुढं येऊन गाडी अडवतील, लीदाताई. अडवली म्हणजे थांबली. थांबली म्हणजे तुम्ही परवान्याशिवाय त्यांच्या मुलखात उतरलात."

"त्यांनीच अडवली तरी?"

"तरी."

पलीकडे बायका वाट बघत होत्या. आम्हाला ते दिसत नव्हतं, मध्ये जंगल होतं, पण मला ठाऊक होतं त्या कशा उभ्या असतील: हात पोटावर बांधून, रस्त्याकडे तोंड करून. उघडी पेटी उन्हात. मी गियर टाकला. खरंच टाकला. वाटलं, एक शेवटचं जाणं, पुढचं पुढं.

मागून सासूबाईंचा हात माझ्या खांद्यावर आला. "बंद कर."

"सासूबाई, शब्द उचलायचा राहिला आहे."

"मला माहीत आहे काय राहिलं आहे." त्यांनी दार उघडलं. "तुझी आई जिवंत आहे. जिवंताला टाकून मेलेल्याकडे जाऊ नये."

त्या पाटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, पाटीच्या अलीकडे, बोटभरही पुढं नाही. तानेल मागं सरला. समोर नुसता रस्ता होता, वाळूचा, आणि दोन्ही बाजूंना पाइन. सासूबाई कमरेत वाकल्या. पेटी नव्हती तर हात कुठं ठेवायचे ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते स्वतःच्याच गुडघ्यांवर ठेवले.

"हेम्मो गं, मातीवरती मी टाकिला एक बोल,
तो बोल उगवला, त्याचं झालं मोठं झाड.
त्या बोलाची फांदी मोड, त्या बोलाचं मूळ काढ,
बहिणीला माफी दे गं, मोठीला माफी वाढ."

मग त्या थांबल्या. त्या थांबण्यात उत्तर यायचं असतं. वारा आमच्या तोंडावर होता, म्हणजे आवाज तिकडे गेलाच नसणार. झाडात एक सुतारपक्षी टकटक करत होता. मी ओठ उघडले, देवानं दिली म्हणायला, कुणीतरी म्हणायला हवंच म्हणून. सासूबाईंनी न वळता हात वर केला.

"तू नको. तू अलीकडची."

त्या बराच वेळ वाकून होत्या. मग सरळ झाल्या आणि गाडीत येऊन बसल्या. यावेळी पुढं, माझ्या शेजारी. घरापाशी होदोरकाका फाटकात उभे दिसले तेव्हा म्हणाल्या, "त्याला सांग, आज नियम वाचू नको."

त्यानंतर त्या कुणाला रडल्या नाहीत. शेजारच्या वाडीत म्हातारा गेला, त्याच्या सुना गाडी घेऊन न्यायला आल्या. सासूबाई म्हणाल्या, "माझं एक मध्येच राहिलं आहे. ते संपल्याशिवाय दुसरं धरता येत नाही." सुना रागावून गेल्या. म्हाताऱ्याला रेकॉर्डवरचं गाणं लावून पुरलं.

माझ्या अर्जाचं उत्तर बटाट्याची पानं पिवळी पडली तेव्हा आलं. मी गोठ्यात होते. फोन थरथरला, मी हात जाकिटाला पुसून बघितलं. नाकारला. कारण लिहिलेलं नव्हतं. काकांनी ते वाचलं, चष्मा वर करून पुन्हा वाचलं, आणि म्हणाले, कारण द्यायचं बंधन त्यांच्यावर नसतं. पुन्हा अर्ज करता येईल का, मी विचारलं. येईल, ते म्हणाले, अर्ज कितीही वेळा करता येतो.

आम्ही थांबलो नव्हतो. एकदाही नाही.

रविवारी आईचा फोन येतो. मी तो टेबलावर वाजू दिला. सासूबाई अळंबी निवडत होत्या, किडकी एका बाजूला, चांगली एका बाजूला. माझ्याकडे बघून त्यांनी सुरी ठेवली आणि फोन उचलला. लग्नापासून या दोन विहिणी एकमेकींशी सणाचं सोडून काही बोललेल्या नाहीत.

"मात्रोना, मी ओक्से. लीदा येत नाही. नाही म्हणाले." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला घेतला. "माझ्यापायी झालं. मी तिला त्या रस्त्यानं नेलं. तू मला काय ते बोल."

आई काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. सासूबाईंनी फोन टेबलावर आडवा ठेवला, आवाज मोठा करून. आईचा श्वास ऐकू येत होता, मागं कोंबड्या.

"एक विचारू का?" सासूबाई फोनवर वाकल्या. "झाकण कसं लावलं?"

"थांबलो होतो गं," आई म्हणाली. "सावली दगडाच्या या अंगाला आली तोवर. मीको रस्त्यापर्यंत जाऊन आला. त्या पोरानं त्याला मागं पाठवलं. मग लावलं."

"कुणी म्हटलं का? देवानं दिली म्हणून?"

"कशाला म्हणेल कुणी? तू मागितलीसच कुठं? आम्हाला ऐकू नाही आलं." आई खोकली. "दुसऱ्याच्या तोंडची माफी मी कशी देऊ, ओक्से? खोटं पडलं असतं. मी डोक्याचा रुमाल तोंडावर घेऊन नुसती उभी राहिले."

सासूबाईंनी मान हलवली, जणू आईला ते दिसणार होतं. मग सुरी घेतली आणि समोरचं अळंबं कापलं. ते आतून किडकं निघालं. बाजूला टाकलं.

"आई," मी म्हटलं.

"आहेस का तिथं? ऐकलं मी." काठी जमिनीवर सरकवल्याचा आवाज आला, ती खिडकीशी गेली असावी. तिच्या खिडकीतून मळा दिसतो, कुंपणापर्यंत.

"पुढल्या वर्षी," मी म्हटलं. "पुन्हा अर्ज करीन."

"कर," आई म्हणाली. "पण मग यंदाचे बटाटे कोण काढणार?"